घट नेमकी कशातली?

फेब्रुवारी २०२० मध्ये गांधीनगरला भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. ८६७ जाती, साडेपंधरा हजार पक्षीनिरीक्षक, एक कोटीच्या वर नोंदी. शिकारी पक्षी, किनाऱ्यावर उतरणारे स्थलांतरित पक्षी, गवताळ माळांवरचे पक्षी यांच्या घसरणीचे आकडे पोटात गोळा आणणारे होते. चर्चा मात्र झाली चिमणीची, कारण तिच्यापुढे अहवालाने ‘स्थिर’ असं लिहिलं होतं. पंचवीसेक वर्षांचा देशभराचा हिशेब पाहता चिमणीत ठळक घट दिसत नाही, मुंबई-दिल्लीसारख्या महानगरांत मात्र ती हळूहळू कमी होते आहे, अशी पुस्तीही होती. दर २० मार्चला चिमणी दिन साजरा करणाऱ्या आणि खिडकीला लाकडी खोपे टांगणाऱ्या माणसाला हे पचणं सोपं नव्हतं. ‘आमच्या वाड्यात सकाळी चिमण्यांच्या कलकलाटाने जाग यायची, आता एक दिसत नाही’, हे ज्याने स्वतः अनुभवलंय त्याला तक्ता दाखवून गप्प करता येत नाही, आणि करूही नये. तो खरंच सांगतोय. अडचण अशी की तक्ताही खरंच सांगतोय.

या दोन खऱ्यांचा मेळ घालायचा तर तक्त्यात मोजलं काय, तिथून सुरुवात करावी लागते. त्या अहवालात चिमण्या मोजलेल्याच नाहीत. मोजल्या आहेत याद्या. निरीक्षक फिरून येतो आणि दिसलेल्या सगळ्या जातींची यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकतो. यादी पूर्ण असेल तर त्यात चिमणी नसणं हीसुद्धा नोंद ठरते. मग शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत चिमणी आहे, हे दर कालखंडासाठी काढायचं. वीस मिनिटांत गच्चीवरून केलेली यादी आणि पहाटेपासून दुपारपर्यंत तळ्याकाठी बसून केलेली यादी यांना एकाच मापाने तोलता येत नाही, म्हणून यादीत एकूण किती जाती आहेत ते कष्टाचं माप धरून दुरुस्ती करतात. इथवर सगळं चोख आहे. पण ज्या चौकात पूर्वी पन्नास चिमण्या असायच्या तिथे आता पाचच उरल्या, तरी यादीत ‘चिमणी’ दोन्ही वेळा येणार. थवा नव्वद टक्के विरला आणि माप जागचं हललं नाही! शेवटच्या दोन-चार चिमण्या उडाल्या की मगच आलेख खाली यायला लागतो. थव्याने राहणाऱ्या, सगळीकडे आढळणाऱ्या पक्ष्यासाठी हे माप सुस्त आहे. शिवाय २००० सालापूर्वीच्या याद्या बहुतांशी जुन्या वह्यांमधून उतरवलेल्या. अभयारण्यात गेलेला माणूस वहीत स्वर्गीय नर्तक लिहील. स्टेशनवरची चिमणी तो लिहीलच असं नाही. तेव्हाचा आकडा अशाने मुळातच कमी पडला, तर नंतरची घट झाकली जाते.

म्हणून ‘स्थिर’ याचा अर्थ एवढाच घ्यायचा: चिमणी भेटण्याची शक्यता देशभरात फारशी बदललेली नाही. चिमण्या किती आहेत, याबद्दल तो तक्ता काही बोलत नाही.

गिधाडांच्या बाबतीत उलटं झालं. तिथे घट आधी एका जागी दिसली आणि प्रश्न असा पडला की ती देशाची मानायची का. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात पक्षीशास्त्रज्ञ विभू प्रकाश घरटी मोजत होते. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या १९८७-८८ मध्ये ३५३ वीण करणाऱ्या जोड्या होत्या, १९९६-९७ मध्ये १५०. झाडांवर माना टाकून बसलेली, मग खाली पडणारी गिधाडं दिसू लागली. पण शितावरून भाताची परीक्षा करता येते ती भात एकाच आधणात शिजलेला असतो म्हणून. देश तसा नसतो. भरतपूरची गिधाडं दुसरीकडे गेली असतील, जवळची ढोरं टाकायची जागा बंद झाली असेल, उद्यानातलं पाणी आटलं असेल, अशा शंका घेणं रास्तच होतं. त्यांचं उत्तर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जुन्या नोंदींत सापडलं. १९९१ ते ९३ दरम्यान संस्थेने शिकारी पक्ष्यांसाठी देशभर रस्त्यारस्त्याने गाडीतून मोजणी केली होती. गिधाडं संपतील असं तेव्हा कोणाच्या मनातही नव्हतं. तेच रस्ते २००० साली पुन्हा पालथे घातले, मग २००२, २००३ आणि २००७ मध्ये. पायाभूत आकडा असा अजाणता हाती लागलेला असणं हे फार मोठं भाग्य. घट दिसल्यावर जो पायाभूत आकडा शोधायला निघतो, त्याला बहुधा सोयीचाच आकडा सापडतो.

२००७ पर्यंत पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९० च्या सुरुवातीच्या तुलनेत हजारात एक उरली होती, म्हणजे ९९.९ टक्के घट. लांब चोचीची आणि बारीक चोचीची मिळून ९६.८ टक्के घटली. ‘मिळून’ का? कारण १९९० च्या दशकात या दोघांना एकच जात मानत असत आणि जुन्या नोंदवह्यांत त्यांचा रकाना एकच होता. नव्या मोजणीत दोन वेगळे रकाने करता आले, पण तुलनेसाठी पुन्हा बेरीजच करावी लागली. दोघांपैकी कोणाची घट जास्त, हे त्या आकड्यातून काढता येत नाही. बातमीत हा ‘मिळून’ शब्द हटकून गळतो.

या मोजणीचं विश्लेषण करताना एक खड्डा आहे आणि त्यात चांगले चांगले पडतात. गिधाडं सारखी विखुरलेली नसतात. दोनशे किलोमीटर एकही दिसत नाही आणि मग एका मेलेल्या म्हशीवर दीडशे बसलेली. या दीडशेंना दीडशे स्वतंत्र निरीक्षणं मानून कोष्टकात टाकलं, तर पी मूल्य (असा फरक निव्वळ योगायोगाने किती वेळा दिसला असता, ते सांगणारा आकडा) हास्यास्पद लहान येतं, दशांशचिन्हापुढे शून्यांची रांग लागते, आणि ते सगळं फसवं असतं. ती म्हैस दुसऱ्या रस्त्याला मेली असती तर आकडा दीडशेने बदलला असता. निरीक्षणाचं एकक पक्षी नव्हे, रस्त्याचा तुकडा. म्हणून इथे बूटस्ट्रॅप वापरतात: सगळ्या रस्त्यांच्या चिठ्ठ्या करायच्या, जितके रस्ते तितक्या वेळा चिठ्ठी उचलायची, दर वेळी उचललेली परत टाकायची, आलेल्या रस्त्यांवरून घट पुन्हा काढायची. असं हजार वेळा केलं की घटीचे हजार आकडे मिळतात. दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के छाटले की उरतो तो ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे घटीच्या अंदाजाचा पट्टा. एखाद-दुसऱ्या रस्त्यावरच्या मोठ्या थव्याने निकाल उचलून धरला असेल, तर ते इथे उघडं पडतं, कारण ती चिठ्ठी ज्या फेरीत निघत नाही त्या फेरीत घट नाहीशी होते. शून्यांचंही असंच. एकही गिधाड न दिसलेल्या रस्त्यांचा लॉग काढता येत नाही म्हणून सगळ्यांत एक-एक मिळवायची जुनी सवय आहे. मोठ्या आकड्यांत ते खपून जातं. पण बहुतेक रस्त्यांवर शून्य किंवा दोन असेल, तर त्या मिळवलेल्या एकानेच घटीचा दर बदलतो. अशा वेळी मोजणीसाठीच बनवलेली मॉडेल्स वापरणं बरं. गिधाडांची घट या सगळ्यातून तावून सुलाखून बाहेर पडली. २००० ते २००७ मध्ये पांढऱ्या पाठीचा वार्षिक दर होता ४३.९ टक्के. शंभरावर सात वर्षं हा दर लावून पाहा, दोनसुद्धा उरत नाहीत.

आता पी मूल्याचंच बघू, कारण घटीच्या बहुतेक भांडणांत तेच पंच असतं. ते काय सांगतं? प्रत्यक्षात काहीच बदललं नसतं आणि आपली गृहीतकं बरोबर असती, तर इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने किती वेळा दिसला असता, एवढंच. घट खरी असण्याची शक्यता ते सांगत नाही, घट मोठी आहे की नाही हेही नाही. समजा एका तळ्यावर एका वर्षी ९०० बदकं दिसली आणि दुसऱ्या वर्षी ८००. मोजणीत फक्त साधा योगायोगाचा चढउतार आहे असं धरलं, तर पी मूल्य ०.०१५ च्या आसपास येतं. ११ टक्के घट, आणि पी मूल्य ०.०५ च्या खाली हवं या प्रचलित निकषाने ती लक्षणीय ठरते. आता समजा एका माळावर तितकंच फिरून आधी ९ माळढोक दिसले आणि नंतर ३. दोन तृतीयांश गेले. पी मूल्य येतं ०.१५ च्या जवळ. लक्षणीय नाही! दुर्मिळ पक्ष्यांच्या बाबतीत हे नेहमी घडतं, कारण इतक्या थोड्या आकड्यांत घट सिद्ध करण्याची ताकदच नसते. ‘लक्षणीय घट आढळली नाही’ हे वाक्य वाचून एखाद्या फाइलवर ‘परिस्थिती समाधानकारक’ असा शेरा पडला, तर दोष गणिताचा नव्हे. आणि ते माळढोक नमुना नसून त्या माळावरचे झाडून सगळे असतील, एकेक ओळखीचा असेल, तर पी मूल्याचं कामच नाही. नऊ होते, तीन आहेत. त्यात अंदाज कसला?

जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या कीटकअभ्यासकांचा २०१७ चा निबंध जगभर गाजला: ६३ संरक्षित क्षेत्रं, २७ वर्षं, उडणाऱ्या कीटकांच्या वजनात ७६ टक्के घट. त्यातली मोजण्याची पद्धत मुद्दाम वाचावी. मलेझ सापळा म्हणजे तंबूसारखी जाळी. आपटलेला कीटक वर चढत जातो आणि टोकाला लावलेल्या अल्कोहोलच्या बाटलीत पडतो. बाटलीतला ऐवज ०.८ मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीत ओततात, चाळणी ३० अंशांत तिरकी ठेवतात आणि दोन थेंबांमध्ये दहा सेकंदांहून जास्त वेळ जाईपर्यंत थांबतात. मग वजन. हा किचकटपणा वाटतो, पण एकूण २७ वर्षांत जमलेला माल साडेत्रेपन्न किलो. सुरुवातीच्या वर्षांत कोणी घाईने ओलं वजन केलं असतं आणि नंतरच्यांनी सावकाश निथळून, तर निव्वळ अल्कोहोल वगळल्यानेच दहा-वीस टक्क्यांची ‘घट’ तयार झाली असती, तीही भरभक्कम पी मूल्यासकट. उपकरण, माणूस किंवा पद्धत मधल्या वर्षांत बदलली का, हा प्रश्न म्हणून पहिल्यांदा विचारायचा. पद्धत बदलली असेल, तर काही काळ दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवून फरक मोजला आहे का, हा दुसरा. तो मोजलेला नसेल तर त्या वर्षी आलेख तोडून दोन तुकडे करावेत. जोडून एक रेघ मारू नये.

त्याच निबंधाची कमकुवत बाजूही लपवलेली नाही. ६३ पैकी ३७ ठिकाणी सापळे एकाच वर्षी लागले होते आणि चार वर्षं मोजलेली जागा एकच. म्हणजे बरीचशी तुलना एका जागेच्या काल-आजची नाही. जुन्या वर्षांतल्या काही जागांची नव्या वर्षांतल्या दुसऱ्या जागांशी ती तुलना आहे, आणि जमीन, वनस्पती, हवामान यांतला फरक मॉडेलने वजा केलेला आहे. तो फरक पुरेसा वजा झाला का, यावर वाद घालायला जागा आहे. घट नाहीच, असं म्हणायला मला ती जागा दिसत नाही, पण ७६ हा आकडा देशभर, सगळ्या कीटकांना लावणं हा अतिउत्साह.

जागा निवडण्यात आणखी एक फसगत असते. अभ्यासक मोजणीसाठी कुठे जातो? जिथे पक्षी, फुलपाखरं, बेडूक भरपूर आहेत तिथे. त्या ‘भरपूर’मध्ये थोडा भाग त्या जागेचा आणि थोडा त्या वर्षाचा. दहा जागा पाहून उत्तम तीन निवडल्या, तर पुढच्या वर्षांत त्या सरासरीकडे सरकणारच, भोवताली काहीही बिघडलेलं नसलं तरी. ज्या जागा पहिल्या वर्षी रिकाम्या होत्या आणि नंतर भरल्या, त्या आपल्या यादीत नसतात. यावर उपाय जुनाच आहे: जागा चिठ्ठ्या टाकून निवडायच्या, रिकाम्या जागाही मोजत राहायच्या, आणि तसं झालेलं नसेल तर पहिलं वर्ष वगळून उतार पुन्हा काढायचा. पहिलं वर्ष काढल्यावर घट निम्मी झाली तर सावध व्हावं. शेवटचं वर्ष काढल्यावर झाली तरी तेच.

अनेक जाती एकदम तपासल्या की गोंधळ वेगळा. भारतातल्या पक्ष्यांवरच्या त्याच अहवालाच्या २०२३ च्या आवृत्तीत ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला आणि त्यातल्या २०४ घटलेल्या निघाल्या. समजा काहीच बदललेलं नाही आणि पाच टक्क्यांचा निकष लावला, तर ३३८ पैकी सतराएक जाती उगाचच ‘बदललेल्या’ दिसतील, त्यांतल्या निम्म्या घटीकडे. आठ-नऊ कुठे आणि २०४ कुठे! एकूण चित्राबद्दल शंका घ्यायला वाव नाही. पण त्या २०४ मधली कडेला असलेली एखादी जात उचलून तिच्यावर लेख लिहायचा असेल, तर ती त्या आठ-नऊंपैकी नाही ना, हे पाहावं. सगळ्या जातींची मिळून एक सरासरी काढणं त्याहून धोक्याचं. एका प्रजातीचा आकडा १०० वरून १ वर आला आणि दुसरीचा १०० वरून १९९ वर गेला, तर प्राणी आधीही २०० होते, आताही २००. गुणोत्तरांची भूमितीय सरासरी मात्र ८६ टक्के घट सांगते. वन्यजीवांच्या जागतिक निर्देशांकात ही भूमितीय सरासरीच वापरतात. ‘पृथ्वीवरचे ६९ टक्के प्राणी संपले’ अशी ओळ दिसली की तिथे मूळ वाक्य ‘मोजलेल्या समूहांतली सरासरी घट’ असं होतं, हे समजून घ्यायचं. सरासरी काढायलाही हरकत नाही, फक्त तिला प्राण्यांची संख्या म्हणू नये.

आणि कारण? घट कितीही लक्षणीय असो, ती कारणाबद्दल मुकी असते.

चिमणी कमी झाली आणि मोबाइलचे टॉवर वाढले. दोन्ही रेघा एकाच काळात एकीकडे झुकलेल्या, त्यामुळे त्यांचा सहसंबंध जबरदस्त येतो. पण त्या काळात मोटारी वाढल्या, काचेच्या इमारती वाढल्या, पॅकबंद धान्य वाढलं, केबल वाहिन्याही वाढल्या. चढत्या कोणत्याही रेघेशी चिमणीचं जमतं! गिधाडांच्या बाबतीतही सुरुवातीला संसर्गजन्य रोगाचा संशय होता आणि घसरणीचा आलेख त्या संशयाशी उत्तम जुळत होता. गाठ सुटली ती आलेख सोडून शव उघडल्यावर. पाकिस्तानातल्या पंजाबमध्ये मेलेल्या गिधाडांच्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर सापडत होता, मूत्रपिंडं निकामी झालेली. असा थर असलेल्या २५ पक्ष्यांची तपासणी केली, २५ मध्येही डायक्लोफिनॅक हे गुरांना दिलं जाणारं वेदनाशामक औषध मिळालं. दुसऱ्या कारणांनी मेलेल्या १३ मध्ये एकातही नाही. ३८ पक्ष्यांची अशी चोख विभागणी योगायोगाने होण्याची शक्यता पाच अब्जांत एकाहून कमी. मग पिंजऱ्यातल्या, सोडता न येणाऱ्या गिधाडांना ते औषध आणि औषध दिलेल्या जनावरांचं मांस देऊन पाहिलं. तीही तशीच मेली. हा २००४ चा निबंध. त्यातलं खरं बळ आकड्यापेक्षा मांडणीत आहे, कारण कल्पना चुकीची असती तर ती तिथे उघडपणे पडली असती. थर असलेल्या पक्ष्यांत औषध मिळालंच नसतं.

तरी एक हिशेब उरला होता. ढोरांना दिलेलं हे वेदनाशामक इतकी प्रचंड घट घडवू शकेल का? त्याच वर्षी मॉडेलने उत्तर दिलं: १३० ते ७६० मढ्यांमागे एकात घातक मात्रा असली तरी निरीक्षणात आलेली घट होऊ शकते. एक गिधाड वर्षभरात कितीतरी मढ्यांवर उतरतं, म्हणून इतकं थोडंही पुरतं. पुढे २००४-०५ मध्ये भारतातून गोळा केलेल्या मेलेल्या गुरांच्या यकृताच्या १,८४८ नमुन्यांपैकी १०.१ टक्क्यांत औषधाचा अंश निघाला. गरजेपेक्षा कितीतरी जास्त. घटीचा दर, शवातला थर, प्रयोग आणि मढ्यांतलं प्रमाण, या चार वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी पोहोचल्यावर कोणाला पी मूल्य विचारावंसं वाटत नाही. चिमणीच्या टॉवरकथेत यातली एकही वाट चाललेली दिसत नाही.

२००६ मध्ये जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक बंद झालं. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरपुरती मर्यादित केली. बंदीनंतरच्या मोजण्यांत घसरण मंदावल्याचं दिसलं आणि ‘गिधाडं सावरली’ अशा बातम्या आल्या. इथे आकडे वाचण्याची सगळी कसरत उलट्या बाजूने करावी लागते. २०१५ च्या अंदाजात पांढऱ्या पाठीची सुमारे सहा हजार गिधाडं देशात उरली होती. इतकी कमी आणि इतकी विरळ, की हजारो किलोमीटरच्या मोजणीत मोजकीच दिसतात. त्यामुळे कॉन्फिडन्स इंटरव्हल रुंदावतो आणि त्यात वाढही बसते, घटही बसते. घट लक्षणीय नाही याचा अर्थ तिथे घट थांबली असा होत नाही. थांबली की नाही, हे या मोजणीला दिसत नाही, असा होतो. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं आणि स्वतः वीण करायला त्याला पाचेक वर्षं लागतात. सगळं सुरळीत चाललं आणि संख्या वर्षाला पाच टक्क्यांनी वाढली, तरी दोन सर्वेक्षणांमधल्या चार वर्षांत वाढ जेमतेम २२ टक्के. एवढा फरक त्या रुंद इंटरव्हलमध्ये कुठेही लपतो. तो वेगळा दिसायचा तर तेच रस्ते, त्याच पद्धतीने, आणखी काही दशकं मोजावे लागतील.